‘कंटिन्यू’ म्हटलं तरी खालची ओळ चालत नाही

कर्जत-खोपोली शाखेवरची स्थानकं एका यादीत घ्या: कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. त्यांवर सी भाषेत लूप लावा. स्थानक केळवली असेल तर ‘कंटिन्यू’, आणि त्याखाली नाव छापायची ओळ. छापून काय येईल?

नवशिकी मुलं बहुधा सहाही नावं सांगतात. ‘कंटिन्यू’ म्हणजे काम पुढे चालू, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात त्या फेरीतलं उरलेलं काम तिथेच सुटतं आणि लूप थेट डोलवलीवर जातं, म्हणून केळवली गळते. ‘ब्रेक’ असता तर कर्जत आणि पळसदरी, एवढंच छापलं असतं.

यात मुलांना ‘ढ’ म्हणणं अन्यायाचं आहे. मूळ फोर्ट्रानमध्ये ‘कंटिन्यू’ ही स्वतः काहीच न करणारी ओळ होती, लूपच्या शेवटाची खूण. पुढे फोर्ट्रान ९०ने ‘सायकल’ आणि ‘एक्झिट’ हे शब्द घेतले. १९८७च्या पर्लमधली ‘नेक्स्ट’ आणि ‘लास्ट’ ही जोडी मला सर्वांत स्वच्छ वाटते.

दुसरा गैरसमज महागात पडलेला आहे: ‘ब्रेक’ आपल्याला ‘इफ’मधून बाहेर काढतो. सीमध्ये ‘इफ’शी त्याचा संबंधच नाही. तो सर्वांत जवळचं लूप किंवा ‘स्विच’ तोडतो. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं सुमारे ९ तास कोलमडलं, ते अशाच ‘ब्रेक’मुळे. ‘स्विच’मधल्या ‘इफ’च्या आत तो बसला होता. त्याने अख्खा ‘स्विच’ सोडला, पुढचं आवश्यक काम राहून गेलं, आणि एक एक्स्चेंज सावरताना शेजारची बंद पडत गेली. लूप आणि ‘स्विच’ या दोघांसाठी एकच शब्द ठेवला की असा घोटाळा व्हायला वाट मिळते.

पायथनमध्ये लूपलाही ‘एल्स’ जोडता येतो. यादी रिकामी असेल तरच तो चालतो, असं अनेकांना वाटतं. वरच्या यादीत खंडाळा शोधा आणि सापडल्यावर ‘ब्रेक’ करा. खंडाळा या शाखेवर नाही, म्हणून सहाही फेऱ्या संपतात आणि ‘एल्स’ चालतो. ‘ब्रेक’ झाला नाही, एवढीच त्याची अट. ‘नोब्रेक’ असं नाव असतं तर कुणी अडखळलं नसतं.

आणि एका लूपच्या आत दुसरं असेल, तर ‘ब्रेक’ने दोन्ही लूपं एकदम सुटत नाहीत. जावा, गो यांत बाहेरच्या लूपला नाव देऊन तेच तोडता येतं. पायथनसाठी अशी सूचना २००७मध्ये आली होती, ती नाकारली गेली. तिथे दोन्ही लूपं एका फंक्शनमध्ये ठेवा आणि ‘रिटर्न’ करा.