सरळ उभं राहा, इकडे बघा

आम्स्टेलव्हेनमध्ये राहणाऱ्यांना ब्लूसेमपार्क वेगळा सांगायला नको. इतरांसाठी सांगते. आम्स्टरडॅमसे बोस या रानासारख्या मोठ्या उद्यानात चेरीची ४०० झाडं आहेत. २००० साली इथल्या जपानी महिलांच्या क्लबने ती दिली. निम्म्या झाडांना जपानी बायकांची नावं आहेत, निम्म्यांना डच बायकांची. बहर जेमतेम दोन आठवडे टिकतो, आणि त्या दोन आठवड्यांत निम्मं गाव तिथे फोटो काढत असतं.

यंदा आई आली होती, ९० दिवसांच्या व्हिसावर. नवऱ्याने हौसेने फोटोग्राफर ठरवला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, कॅन्डिड हवेत की पोज दिलेले? "कॅन्डिडच," नवरा म्हणाला. "ताठ उभं राहायला आपल्याला काय पासपोर्ट काढायचाय?" मलाही ते पटलं होतं.

प्रत्यक्षात काय झालं? फोटोग्राफर म्हणाला, मी इथे नाहीच असं समजा, चाला, बोला, हसा. पण आई काही केल्या समजेना. कॅमेरा दिसला की ती थांबायची, पदर सारखा करायची, दोन्ही हात सरळ खाली आणि नजर थेट कॅमेऱ्यात. पळणाऱ्या नातवाला मनगटाला धरून, "थांब रे, फोटो काढतायत ना!" वर माझ्या कानात, "त्यांना सांग, बूट येऊ देऊ नका." साडीवर स्वेटर आणि खाली स्पोर्ट्स शूज. आपल्याकडे आलेल्या प्रत्येक आईचा इथला गणवेश.

मला आधी हसू आलं. मग आठवलं, मीही हेच करत होते की! शाळेत शिकवत असताना दरवर्षी वर्गाचा फोटो असायचा. उंच मुलं मागे बाकावर, लहान पुढे मांडी घालून, मध्ये खुर्च्यांवर आम्ही शिक्षक, पुढे पाटीवर 'इयत्ता सातवी ब'. सकाळपासून तेल लावून भांग पाडून आलेली ती मुलं कधी नव्हे ती दोन मिनिटं श्वास रोखून उभी राहायची. त्याला मी तरी खोटं म्हणणार नाही. फोटो काढायचा म्हणजे नीट उभं राहायचं, हा त्यांचा मान होता, फोटोला दिलेला आणि स्वतःलाही.

आणखी एक गोष्ट आठवली. मी नववीत असताना आजी गेली. हार घालायला फोटो हवा म्हणून ट्रंक उपसली. आजी होती बऱ्याच फोटोंत, पण कशी? वाढताना वाकलेली, दाराआड अर्धी, कुणाच्या तरी बाळाला धरून मान वळवलेली. आजच्या भाषेत सगळे कॅन्डिड! समोर बघणारी आजी एकाच फोटोत सापडली, काकाच्या लग्नातल्या मोठ्या ग्रुपमध्ये. स्टुडिओवाल्याने त्यातून तिला कापून मोठं केलं. चेहरा पुसट झाला आणि डाव्या खांद्याशी आत्याच्या शालूचा काठ तसाच राहिला. साताऱ्याच्या घरात तो फोटो अजून आहे, काठासकट.

याच मुक्कामात आईला राइक्सम्युझियममध्ये नेलं होतं. रेम्ब्राँचं 'नाइट वॉच' हे १६४२चं चित्र म्हणजे खरं तर एका नागरी पथकाचा ग्रुप फोटोच. अशा पथकांना ओळीत बसवून किंवा उभं करून रंगवायची रीत होती, आमच्या सातवी ब सारखीच. रेम्ब्राँने त्यांना हालतं केलं. कुणी बंदूक भरतोय, कुणी ढोल वाजवतोय, कुत्रा भुंकतोय. मी शिक्षिकेच्या थाटात हे सगळं समजावलं. आई मागच्या एका अर्धवट झाकलेल्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "यानेही पैसे दिले असतील ना गं?" दिले होते! साधारण १०० गिल्डर माणशी, चित्रातल्या जागेप्रमाणे कमीजास्त. पुढे चित्रातल्या ढालीवर १८ जणांची नावंही घातली गेली. चित्र जिवंत झालं हे खरं, पण मागच्याचा चेहरा गेला तो गेलाच.

कॅन्डिडमध्ये आणखी एक जण हमखास गळतो, तो म्हणजे फोटो काढणारा. माझ्या फोनमध्ये मुलांचे हजारो फोटो आहेत. त्यांत मी कुठे आहे, तर केक धरलेला एक हात.

अर्थात, ओळीत उभं राहिलं की सगळं खरंच असतं असंही नाही. १९७३ साली हान्स आयकेलबोम या डच कलाकाराने एक गंमत केली. नवरा कामावर गेला की तो घराची बेल वाजवायचा आणि त्या घरातल्या बायको-मुलांना राजी करून वडिलांच्या जागी स्वतः बसून फोटो काढून घ्यायचा. ते फोटो बघताना जराही शंका येत नाही. छान सुखी कुटुंब!

आणि आमचा व्होलेंडामचा फोटो? तिथल्या स्टुडिओत डच पोशाख घालून फोटो काढतात ना, तोच. टोकदार पांढरी टोपी, लाकडी बूट, हातात ट्यूलिप. अख्खं सोंग. आईने आधी "छे, काहीतरीच" म्हटलं, मग टोपी घातली, आरशात पाहिलं आणि जी सुटली, ती थांबेचना. तिचं इतकं मोकळं हसू माझ्याकडे दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही.

तेव्हा कुणी विचारलं तर मी सांगते, आईवडील आलेले असतील तर पहिली दहा मिनिटं सगळे ओळीत उभे राहा, काढणाऱ्यालाही त्यात ओढा, मग हवं तेवढं पळा. बागेत मीही शेवटी तेच केलं. झाडाखाली आम्ही सगळे ताठ उभे राहिलो आणि आईचा चेहरा एकदम सैल झाला.

मग ती म्हणाली, "आता एक माझा एकटीचा घ्यायला सांग. सरळ. तुझ्या आजीसारखं नको व्हायला."

"काहीतरी बोलू नकोस," मी म्हटलं. पण तिच्या खांद्यावरच्या पाकळ्या झटकल्या, स्वेटर काढून हातात घेतला आणि पदर नीट लावून दिला. फोटोग्राफरने दोनदा हसायला सांगितलं. ती हसली नाही.

तो फोटो तिने साताऱ्याला नेऊन कपाटात कागदपत्रांच्या पिशवीत ठेवलाय. व्होलेंडामचा फ्रिजवर लावलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.