आधी रब्बाय पारखा, मग मन मोकळं करा

लैंगिक अत्याचार सोसलेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी बहुधा आपल्या माणसाकडे जाते. श्रद्धाळू ज्यू घरांत असं हक्काचं माणूस म्हणजे रब्बाय, त्यांचा धर्मगुरू. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांकडे पूर्वी रब्बाय नसायचे, प्रार्थना हझान चालवायचे. पण त्यांच्यातली कितीतरी कुटुंबं इस्राएलात स्थायिक झाली, आणि तिथे ज्यूंचं लग्न-घटस्फोट रब्बायांच्याच हाती. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

रब्बायकडे जायचंच कशाला, असं कुणी म्हणेल. पण काही प्रश्न डॉक्टरला सुटत नाहीत. अत्याचार बापानेच केला असेल तर 'आईबापाचा मान राख' ही आज्ञा पाळायची कशी? स्थळ आलं तर झालेलं सांगायचं का? त्याला माफ केलंच पाहिजे का? अशा वेळी समजूतदार रब्बायचा एक शब्द मनावरचं ओझं उतरवतो. आणि चुकीच्या माणसाचा एक शब्द तिला आयुष्यभर गप्प करतो.

२०१२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनमध्ये नेखेम्या वेबरमन हा समाजातला समुपदेशक दोषी ठरला. परवाना नव्हता, तरी शाळेच्या सांगण्यावरून एक कोवळी मुलगी त्याच्याकडे पाठवली जायची. मेलबर्नच्या एका शाळेची मुख्याध्यापिका मल्का लायफर आरोप होताच २००८ मध्ये इस्राएलला निघून गेली. तिला परत आणायला २०२१ उजाडलं आणि २०२३ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली. आरोपी बाईही असू शकते, हेही यातून कळतं.

मग पारख कशी करायची? एक गोष्ट आधी लक्षात घ्या. एका रब्बायने निर्णय दिल्यावर तोच प्रश्न दुसऱ्याला विचारत फिरू नये, असा त्यांच्याकडे संकेत आहे. म्हणून चौकशी आधी, प्रश्न नंतर. पहिल्यांदा नाव न सांगता, फोनवर, 'एका ओळखीच्या मुलीचं असं झालंय' एवढंच विचारून पाहावं.

तो लगेच 'लाशोन हारा' म्हणजे परनिंदेचं पाप आठवून देतो का? ज्यूने ज्यूची तक्रार बाहेर नेऊ नये, असं बजावतो का? तर तिथून उठावं. जेरुसलेमचे मोठे धर्मपंडित रब्बाय एल्याशिव यांनीसुद्धा सबळ आधार असेल तर सरकारकडे तक्रार करायला मोकळीक दिली होती.

नको ते तपशील खोदून विचारणारा, 'उपचार मीच करतो' म्हणणारा, माफीची घाई करणारा नकोच. परक्या स्त्री-पुरुषांनी बंद खोलीत एकटं बसू नये, असा त्यांचाच 'यिहुद'चा नियम आहे. 'माझ्याशी चालतं' म्हणून तो मोडणारा रब्बाय कितीही विद्वान असला तरी नको. आरोपीच्या संस्थेशी त्याचे लागेबांधे आहेत का, आधीच्या प्रकरणात तो कुणाच्या बाजूने उभा राहिला, हे बायकांमध्ये हळूच विचारलं तरी कळतं.

चांगला रब्बाय आधी ऐकून घेतो. 'यात तुझा दोष नाही' म्हणतो. धर्माचं तेवढं आपण बघतो, पोलीस, वकील आणि मानसोपचाराचा रस्ता दाखवतो. सोबत मैत्रीण आणली तर त्याची हरकत नसते. मासिक शुद्धीसारखे नाजूक प्रश्न पुरुषाला विचारायचा संकोच वाटला, तर आता इस्राएलात त्यासाठी शिकून तयार झालेल्या 'योएत्सेत' बायका आहेत. शिवाय १२०२ ही अत्याचारग्रस्त स्त्रियांची हेल्पलाइन आहे.

मैत्रिणींनो, रब्बायच्या जागी आपले महाराज, मौलवी किंवा फादर ठेवून पाहा. कसोट्या याच राहतात. आपल्याकडे तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरच्या अत्याचाराची माहिती कळवणं सगळ्यांनाच बंधनकारक केलंय, धर्मगुरूंनाही. श्रद्धा जरूर ठेवा; पण लेकीला कुणाच्या पायाशी बसवण्याआधी दोन प्रश्न विचारायला लाजू नका.