प्लग काढा, पण इंजिन थंड झाल्यावर

पावसाळा सरला की पनवेलच्या सोसायट्यांत चार महिने उघड्यावर भिजलेल्या गाड्या कुरकुरू लागतात. सकाळी चालू व्हायला वेळ लागतो, खंडाळ्याच्या चढावर मिसिंग होतं. गाडी पेट्रोलवर किंवा सीएनजीवर चालत असेल, तर आधी स्पार्क प्लग तपासावा.

मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला ठिणगीला साधारण ३,००० व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र हवा आणि इंधन दाबून कोंबलेलं असतं, तिथे तेवढ्याच फटीला कितीतरी पट व्होल्टेज लागतं. म्हणून इग्निशन कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट २०,०००च्याही वर नेते. सीएनजीला आणखी जास्त लागतं, त्यामुळे त्या गाड्यांचे प्लग लवकर झिजतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतं तेव्हा एकेक प्लग १,५०० वेळा मिश्रण पेटवतो.

हा प्लग घरी काढता येतो, मात्र इंजिन पूर्ण थंड हवं. प्लगचं अंग पोलादी, तो ज्यात बसतो ते सिलिंडरचं हेड बहुधा ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, शिवाय मऊ पडतं. तेव्हा पाना फिरवला तर हेडमधले आटे जाऊ शकतात, आणि ती दुरुस्ती प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडते.

चावी काढून ठेवा. कनेक्टर सोडवून कॉइल सरळ वर उचला. प्लगच्या खळग्यात साचलेलं पाणी आणि माती आधी हवेने उडवून लावा, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडेल. मग आत रबर असलेला प्लग-सॉकेट सरळ बसवून डावीकडे फिरवा. एका वेळी एकच प्लग काढा आणि क्रमाने मांडून ठेवा.

आता टोकं नीट पाहा. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग म्हणजे ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर इंधन जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. तेलकट ओल असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं झिजली असावीत. पांढरं, फोड आलेलं टोक इंजिन फार तापत असल्याचं सांगतं.

नवा प्लग बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा. अडला तर काढून पुन्हा लावा. शेवटचा आवळ गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच द्या. आणि काढताना प्लग हलतच नसेल, तर जोर न लावता मेकॅनिकला बोलवा.