न भेटता झालेला तह

युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध ज्या परिषदेनं थांबवलं, तिचं उद्घाटन कधी झालंच नाही. तिला अध्यक्ष नव्हता, ठरलेली कार्यक्रमपत्रिका नव्हती, आणि सगळे प्रतिनिधी एका छताखाली जमले आहेत असा एकही दिवस तिच्या पाच वर्षांत उगवला नाही. शंभराहून अधिक शिष्टमंडळं आली, दोन वेगवेगळ्या गावांत उतरली आणि बहुतेक वेळ मध्यस्थांमार्फत, चिठ्ठ्याचपाट्यांमार्फत बोलत राहिली. तरीही २४ ऑक्टोबर १६४८ रोजी तह झाला. हे कसं जमलं याच्या खोलात जावं, तसा अचंबा वाढतच जातो.

ती दोन गावं म्हणजे म्युन्स्टर आणि ओस्नाब्र्युक. दोन्ही जर्मनीच्या वायव्येला, वेस्टफालियात; मधलं अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. म्युन्स्टर कॅथलिक, ओस्नाब्र्युकात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांचीही वस्ती. दोन गावं लागली, कारण पोपचा दूत प्रोटेस्टंटांबरोबर एका मेजावर बसायला तयार नव्हता आणि प्रोटेस्टंट स्वीडनला पोपची मध्यस्थी नको होती. शिवाय फ्रान्स आणि स्वीडन एकाच बाजूनं लढत असले, तरी आपल्यापैकी पहिला मान कोणाचा, यावर त्यांचं एकमत होईना. मग डिसेंबर १६४१ मध्ये हँबर्गला एक प्राथमिक करार झाला. बोलणी दोन गावांत होतील, पण ती एकच परिषद मानली जाईल. दोन्ही गावं तटस्थ राहतील. आणि त्यांना जोडणारा रस्तासुद्धा तटस्थ राहील.

त्या रस्त्याच्या कलमापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. युद्धविराम झालेला नव्हता. सैन्यं फिरत होती, गावं लुटली जात होती. अशा प्रदेशातून पन्नास किलोमीटरची एक वाट आखून, हिच्यावर कोणी कोणाला हात लावायचा नाही, असं शत्रूंनी आपसात ठरवलं. पुढचं सगळं काम त्या वाटेवरून ये-जा करणाऱ्या घोडेस्वारांनी आणि बग्ग्यांनी पेललं.

भांडण मुळात काय होतं? १५५५ च्या आउग्सबुर्ग तहानं जर्मन साम्राज्यातल्या प्रत्येक राजाला आपल्या मुलखाचा धर्म ठरवण्याचा हक्क दिला होता. निवड कॅथलिक आणि लुथरपंथी या दोनच पंथांतून. काल्व्हिनपंथी बाहेर राहिले. मे १६१८ मध्ये बोहेमियातल्या प्राग शहरात संतापलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणीसाला किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. तिघेही वाचले, पण युद्ध पेटलं. मग डेन्मार्क आला, स्वीडन आलं, फ्रान्स आलं. धर्माच्या नावानं सुरू झालेल्या लढाईत कॅथलिक फ्रान्स प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवू लागलं. १६३१ मध्ये माग्डेबुर्ग शहर एका दिवसात जळालं आणि सुमारे वीस हजार माणसं गेली. सगळ्या युद्धात जर्मन प्रदेशाची लोकसंख्या काहींच्या अंदाजानं पाचव्या हिश्शानं घटली, काहींच्या मते तिसऱ्या हिश्शानं.

म्युन्स्टरात दोन मध्यस्थ होते: पोपचा दूत फाबिओ कीजी आणि व्हेनिसचा आल्विझे कोंतारिनी. फ्रान्सचे आणि स्पेनचे प्रतिनिधी एकाच गावात राहत असूनही समोरासमोर वाटाघाटीला बसत नसत. हे दोघे इकडचं म्हणणं तिकडे आणि तिकडचं उत्तर इकडे नेत. कीजीला तिथला पाऊस सोसवत नसे, तिथल्या काळ्या पावाचं नाव काढलं तरी तो वैतागे. पावसावर तर त्यानं लॅटिन कविता लिहिल्या. ओस्नाब्र्युकात मध्यस्थी डेन्मार्क करणार होतं, पण १६४३ च्या अखेरीस स्वीडननं डेन्मार्कवरच चढाई केली आणि मध्यस्थ नाहीसा झाला. तिथे सम्राटाचे आणि स्वीडनचे लोक थेट बोलू लागले. आणि थेट बोलणाऱ्यांची गाडी मध्यस्थ असलेल्यांपेक्षा पुढे गेली.

सुरुवातीचे कितीतरी महिने मानपानात गेले. भेटीला आधी कोणी जायचं, उजव्या हाताला कोणी बसायचं, ‘एक्सलन्सी’ कोणाला म्हणायचं. योहान ऑक्सेनस्टिएर्ना या स्वीडिश राजदूताचं उठणं, जेवणं, झोपणं कर्णे आणि नगारे वाजवून गावाला कळवलं जाई. हे वाचून पोकळ डौल म्हणून पान उलटावंसं वाटतं, पण तसं करू नये. त्या काळी स्वतंत्र राष्ट्र कोणाला म्हणायचं याची कुठेच यादी नव्हती. स्पेनविरुद्ध १५६८ पासून लढणाऱ्या डच प्रजासत्ताकाच्या दूतांना ‘एक्सलन्सी’ म्हणणं म्हणजे त्यांना बंडखोर न मानता राज्य मानणं होतं. उलट उदाहरण पोर्तुगालचं. गोव्यावर ज्याची सत्ता होती तो पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनपासून फुटला होता. स्पेन त्याच्या दूतांना मान्यता देईना, त्यामुळे ते मित्रराष्ट्रांच्या आश्रयानं, त्यांच्या लवाजम्यात सामील होऊन परिषदेत वावरत होते. खुर्ची कुठे मांडली यावरून राज्य आहे की नाही हे ठरत होतं.

डचांना त्यांची खुर्ची मिळाली. ३० जानेवारी १६४८ रोजी स्पेन आणि डच यांच्यात वेगळा तह झाला आणि १५ मे रोजी म्युन्स्टरच्या नगरभवनात त्यावर शपथा झाल्या. चित्रकार गेरार्ड तेर बोर्ख तिथे होता. तांब्याच्या लहानशा पत्र्यावर त्यानं तो प्रसंग रंगवला आणि डाव्या कडेला स्वतःलाही उभं केलं. चित्रात नीट पाहिलं तर दिसतं: कॅथलिक स्पॅनिश दूतांचा हात धर्मग्रंथावर आणि क्रूसावर टेकलेला आहे, तर डचांनी उजव्या हाताची दोन बोटं वर केली आहेत. तह एकच, खोली एकच, आणि शपथ ज्यानं त्यानं आपापल्या रीतीनं घेतलेली.

सम्राटाच्या तहाला मात्र अजून अवकाश होता. नोव्हेंबर १६४५ मध्ये सम्राट तिसऱ्या फर्डिनांडचा विश्वासू माक्सिमिलियान फॉन ट्राउटमान्सडॉर्फ येऊन दाखल झाला. त्याच्याजवळ सम्राटाच्या स्वतःच्या हातची एक गुप्त सूचनावली होती: आधी काय द्यायचं, ते पुरलं नाही तर काय, आणि अगदीच निरुपाय झाला तर शेवटी कुठवर यायचं, असं पायरीपायरीनं लिहिलेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये यांकाउच्या लढाईत स्वीडिशांनी सम्राटाचं सैन्य मोडलं होतं. रणांगणावरच्या प्रत्येक हारजितीबरोबर मागण्या चढत-उतरत. व्हिएन्ना, माद्रिद, स्टॉकहोम इथून उत्तर यायला आठवडे लागत, आणि पत्र पोचेपर्यंत ते ज्या परिस्थितीवर लिहिलं तीच बदललेली असे. ट्राउटमान्सडॉर्फनं मानपान बाजूला ठेवला, स्वतः दोन्ही गावांत फिरला, लोकांशी बोलला. १६४७ च्या उन्हाळ्यात तो परत गेला तेव्हा कामाचा मोठा भाग उरकला होता.

आता खरा पेच. शंभर वर्षांत किती मठ, किती चर्चं, किती जमिनी या पंथाकडून त्या पंथाकडे गेल्या होत्या. काही पटवून, काही बळानं. आणि युद्धात तर दर दोन-चार वर्षांनी पुन्हा उलटापालट. न्याय करायचा म्हटलं, तर आधी खरा धर्म कोणता हे ठरवायला हवं, आणि त्याच प्रश्नावर तर इतकी माणसं मेली होती. वाटाघाटीला बसलेल्यांनी तो प्रश्नच सोडून दिला आणि त्याच्या जागी एक तारीख ठेवली: १ जानेवारी १६२४. त्या दिवशी जे चर्च ज्याच्याकडे होतं ते त्याचं. ज्या गावात ज्याची उपासना उघडपणे चालू होती, ती पुढेही चालू राहील. भाऊबंदकीच्या वादात पिढ्यांचा हिशेब बाजूला ठेवून, अमुक साली सातबाऱ्यावर नाव कोणाचं होतं एवढंच पाहावं, तशातलाच हा तोडगा. प्रोटेस्टंटांना १६१८ हवं होतं, म्हणजे युद्धाआधीची स्थिती. कॅथलिकांना १६२७ किंवा त्यानंतरचं, म्हणजे त्यांचे विजय जमेस धरणारं वर्ष. १६२४ मध्ये दोघांचंही थोडं गेलं, थोडं राहिलं.

त्या तारखेत आणखी एक गोष्ट दडली होती. यापुढे राजानं धर्म बदलला, तरी प्रजेला त्याच्यामागे जावं लागणार नव्हतं. १५५५ चा नियम कागदावर राहिला, पण त्याची नांगी मोडली. १६२४ मध्ये ज्यांना उघड उपासनेचा हक्क नव्हता, त्यांनाही घरात उपासना करायची मुभा मिळाली. धर्मासाठी त्यांना व्यापारी संघांतून, इस्पितळांतून, वारशातून किंवा दफनभूमीतून वगळायचं नाही, असं तहात लिहिलं गेलं. दफनभूमीचा उल्लेख कराराच्या मसुद्यात यावा लागला, यावरून आधी काय चाललं असेल ते कळतं. काल्व्हिनपंथीयांनाही आता स्थान मिळालं. मान्यता मात्र या तीनच पंथांना. बाकीच्यांबद्दल तह गप्प राहिला.

साम्राज्याच्या संसदेसाठी काढलेला मार्ग तर त्याहून धाडसी वाटतो. धर्माचा विषय निघाला की बहुमत चालणार नाही. सभासद कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन गटांत वेगळे बसतील आणि दोन्ही गटांचा समझोता झाला तरच निर्णय होईल. संख्येच्या जोरावर दुसऱ्याची श्रद्धा मोडता येणार नाही, हे सतराव्या शतकात कायद्यात उतरलं. आउग्सबुर्ग शहरात तर सरकारी पदांची दोन पंथांत समान वाटणी झाली. तिथे ८ ऑगस्टला १६५० पासून शांततेचा उत्सव होतो आणि आजही त्या दिवशी फक्त त्या शहराला सार्वजनिक सुटी असते.

सगळ्यात विलक्षण तोडगा मात्र ओस्नाब्र्युकलाच मिळाला. तिथला बिशप हा त्या प्रदेशाचा राजाही असे. तो कोणत्या पंथाचा असावा? उत्तर निघालं: आळीपाळीनं. एक कॅथलिक, त्यानंतर ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्ग घराण्यातला एक लुथरपंथी, मग पुन्हा कॅथलिक. ही पाळी दीडशे वर्षं चालली. पहिल्या लुथरपंथी बिशपला बायको-मुलं होती. त्याचा थोरला मुलगा पुढे पहिला जॉर्ज म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला. आणि १७६४ मध्ये पाळी पुन्हा लुथरपंथीयांची आली, तेव्हा निवड झाली इंग्लंडच्या राजपुत्र फ्रेडरिकची. नवे बिशप तेव्हा सहा महिन्यांचे होते. हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल, पण तान्ह्या बाळाला बिशप करणं त्या लोकांनी पत्करलं, पाळी मोडणं पत्करलं नाही. म्हणून त्या बाळाबद्दल मला आदर वाटतो.

आणि ज्यांच्यासाठी पहिली ठिणगी पडली, ते बोहेमियाचे प्रोटेस्टंट? त्यांना काही मिळालं नाही. आपल्या वंशपरंपरागत मुलखात सम्राट हटला नाही, आणि स्वीडननं अखेर त्यांना सोडून दिलं. शिक्षणशास्त्रज्ञ कोमेनियस त्यांच्यातलाच, परागंदा झालेला. स्वीडनच्या सरकारला लिहिताना त्यानं हा विश्वासघात बोलून दाखवला. या तहाचं कितीही कौतुक केलं तरी हा डाग पुसला जात नाही. शेजारच्या सायलेशियात तीन चर्चं बांधायची परवानगी तेवढी मिळाली. तीही शहराच्या तटाबाहेर, आणि त्यात दगड-विटा न वापरता लाकूड, माती, गवत एवढ्यातच. लोकांनी ती बांधली. त्यांतली दोन, श्विडनित्सा आणि याव्होर इथली, आज पोलंडमध्ये उभी आहेत. त्यांना जागतिक वारशाचा दर्जा आहे.

सह्यांच्या वेळीही सगळे एकत्र जमले नाहीतच. कागद मुक्कामाच्या घरोघरी फिरले. त्याच सुमारास प्रागमध्ये स्वीडिश सैन्य किल्ल्याच्या बाजूचा भाग बळकावून बसलं होतं आणि नागरिक, विद्यार्थी पलीकडच्या काठाचं रक्षण करत होते. जिथून युद्ध सुरू झालं त्याच शहरात ते शेवटपर्यंत चालू राहिलं. पोप दहाव्या इनोसंटनं तहाचा निषेध केला, पण तो येणार हे ओळखून, असा कोणताही आक्षेप चालणार नाही, असं कलम तहात आधीच घातलेलं होतं. पाखंडी म्हणून स्वीडिशांशी बोलणंही टाळणारा कीजी १६५५ मध्ये सातवा अलेक्झांडर म्हणून पोप झाला, आणि त्याच वर्षअखेरीस रोममध्ये त्यानं स्वागत केलं ते स्वीडनच्या माजी राणी क्रिस्टीनाचं. स्वीडनच्या ज्या राजा गुस्टाव्ह आडॉल्फनं प्रोटेस्टंटांच्या बाजूनं लढताना प्राण दिला, त्याची ही मुलगी राज्य सोडून कॅथलिक झाली होती.

फ्रान्स आणि स्पेनचं युद्ध म्युन्स्टरात मिटलं नाही. ते १६५९ पर्यंत रेंगाळलं. जर्मनीत तह झाला, पण सैनिक जागचे हलले नव्हते. पगार थकलेला शिपाई घरी जात नाही, तो लुटायला निघतो. स्वीडनच्या सैन्यासाठी पन्नास लाख टालर ठरले होते. ते कोणी, केव्हा, किती हप्त्यांत द्यायचे आणि त्या बदल्यात कोणता किल्ला कोणत्या दिवशी रिकामा करायचा, हे ठरवायला न्युर्नबेर्गला आणखी एक परिषद भरली आणि ती १६५० च्या उन्हाळ्यापर्यंत चालली. यादी धरून एकेक ठाणं उठत गेलं. फ्रांकेनथालमधून स्पॅनिश शिबंदी १६५२ मध्ये निघाली. म्युन्स्टरच्या बिशपच्याच मुलखातल्या फेख्टामधून शेवटचे स्वीडिश सैनिक बाहेर पडले ते १६५४ मध्ये.