इंग्रजीतील ‘फार’

परभणी जिल्ह्यातील शाळांतून इंग्रजी निबंध लिहिणारा विद्यार्थी ज्या एका शब्दावर सर्वाधिक भार टाकतो, तो शब्द ‘व्हेरी’ होय. आणि ‘एक्स्ट्रीमली’, ‘हायली’, ‘डीपली’, ‘अटर्ली’ अशा समानार्थी शब्दांची यादी मुखोद्गत करावी, हा जो उपाय त्यावर सांगितला जातो, तो मला सर्वस्वी गैरलागू वाटतो. हे शब्द एकमेकांच्या जागी बसणारे नाहीत. प्रत्येकाची सोबत रूढीने ठरवून दिलेली आहे, आणि हे तत्त्व आपल्या मुलाला घरीच अवगत झालेले असते.

गंगाखेड किंवा पाथरीकडच्या शेतकऱ्याचे मूल शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच जाणते की, जमीन काळीभोर असते, पण अवसेची रात्र काळीकुट्ट. वेचणीला आलेला कापूस पांढराशुभ्र दिसतो, परंतु आजाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडतो. ज्वारी हिरवीगार असते, ताक आंबटढाण होते आणि ठेचा तिखटजाळ लागतो. त्याने चुकून ‘हिरवेफटक’ म्हटले, तर ज्या आजीला व्याकरणाचा एकही नियम सांगता येणार नाही, तीही त्याला तत्काळ अडवील. इंग्रजीचा रिवाज असाच आहे. ‘हायली’ शोभते ते ‘स्किल्ड’ किंवा ‘क्वालिफाइड’ यांच्याशी, ‘डीपली’ला ‘ग्रेटफुल’सारखे मनोभाव लागतात, ‘अटर्ली’ बहुधा ‘यूसलेस’सारख्या अनिष्ट विशेषणाकडे वळते. परभणीच्या थंडीला आपण ‘कडाक्याची’ म्हणतो आणि पावसाला ‘मुसळधार’. इंग्रजीत थंडीला ‘बिटरली’ लागते, तर पाऊस ‘हेविली’ पडतो.

सोबतीखेरीज दर्जाचाही विचार आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात असून दप्तराची भाषा उर्दू होती, त्यामुळे येथील कानाला ‘निहायत’ आणि ‘बेहद’ हे शब्द परके नाहीत. शिवाय गावचे ‘लई’, सर्वांचे ‘फार’ आणि ग्रंथांतील ‘अत्यंत’ आहेतच. तहसिलीत दिलेल्या अर्जात ‘लई अडचण आहे’ असे कोणी लिहीत नाही. त्याच न्यायाने इंग्रजीतील ‘सो’ आणि ‘रिअली’ बोलण्यात खुलतात, ‘एक्सीडिंगली’ लेखी मजकुरात बरे दिसते, आणि मूळ भयाचा अर्थ ज्यांच्या पोटात आहे ते ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ आपल्या ‘भयंकर आवडले’प्रमाणे खासगी गप्पांतच राहावेत.

खरी अडचण मात्र आपल्या ‘फार’नेच उत्पन्न केली आहे, आणि वर्गात अधिक वेळ द्यावयाचा तो येथे. ‘चहा फार गरम आहे’ हे वाक्य घ्या. तो नुसता कढत असेल तर ‘व्हेरी हॉट’. पण तोंडाला लावताच येत नसेल तर ‘टू हॉट’, कारण ‘टू’मध्ये मर्यादा ओलांडल्याची तक्रार असते. ‘जिंतूरपेक्षा परभणी फार मोठी’ म्हणताना ‘व्हेरी बिगर’ चालत नाही, तेथे ‘मच बिगर’ हवे. आणि ‘मला हे फार आवडते’ याचे ‘आय व्हेरी लाइक’ करणारा विद्यार्थी ‘फार’ला मराठी क्रियापदाशेजारी जे स्थान आहे तेच इंग्रजीत देत असतो, ‘व्हेरी’ एकट्याने क्रियापदाला लागत नाही, त्याला ‘मच’ची जोड देऊन बहुधा वाक्याच्या शेवटी न्यावे लागते. म्हणजे आपल्या एका शब्दाची कामे तेथे तिघांत वाटली गेली आहेत, आणि ही वाटणी प्रथम समजावून दिल्यावाचून समानार्थी शब्दांचा साठा वाढविणे व्यर्थ आहे.

काही विशेषणे अशी असतात की, परमावधी त्यांच्यातच सामावलेली असते. ‘अत्यंत उंच’ आपण म्हणतो, ‘अत्यंत गगनचुंबी’ म्हणत नाही. ‘इनॉर्मस’ किंवा ‘फ्रीझिंग’ यांना त्यामुळे ‘व्हेरी’ सहसा लावीत नाहीत. जोर द्यावयाचाच झाला तर ‘ॲब्सोल्यूटली’ लावतात. ‘क्वाइट’ तर दोन्हीकडे नांदतो, पण ‘गुड’च्या आधी आला की बहुधा ‘बऱ्यापैकी’ असा माफक अर्थ देतो आणि ‘इम्पॉसिबल’च्या आधी आला की ‘सर्वथा’ असा पूर्ण अर्थ देतो.