सड्यावरची सायकल

डांबरी रस्त्यावर सायकल चालवणे आणि डोंगरात सायकल चालवणे या दोन निराळ्या विद्या आहेत. पहिली बहुतेकांना शाळेतच येते. दुसरीसाठी महागडी सायकल आणि पोलादी पोटऱ्या हव्यात, असा समज आहे. माझ्या अनुभवाने सांगतो, तिला डोळे आणि बोटे अधिक लागतात.

हा खेळ रुजला १९७० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील कॅलिफोर्नियात. माउंट तमालपैसच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवर उताराच्या शर्यती लावीत. उलटे पेडल मारून लागणारे त्यांचे ब्रेक इतके तापत, की आतले ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तरी नवशिक्याचा पहिला प्रश्न आजही तोच आहे : थांबायचे कसे?

आपल्याला सरावासाठी दूर जायला नको. जांभ्याचा सडा दाराशीच आहे. त्याचा कातळ कठीण व खडबडीत, म्हणून टायर चांगला धरतो. पण त्यावर सुटी खडी पसरलेली असते आणि तिथे चाक घसरते. उतारावर वजन पुढे सरकते, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. तो एकदम आवळला तर स्वार हँडलवरून पुढे जातो. म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत, सीटवरून उठावे, दोन्ही पेडले समपातळीत ठेवावीत आणि अंग मागे न्यावे. वेग वळणाआधीच, चाक सरळ असताना कमी करावा. नजर पुढच्या चाकावर नको, दहा-पंधरा पावले पुढे हवी. जिकडे नजर, तिकडे सायकल.

चढावर हलका गिअर चढ लागण्यापूर्वीच घ्यावा. चढात जोर लावताना तो बदलला तर चेन कुरकुरते, कधी उतरतेही. उभे राहिल्यास मागचे चाक जागीच फिरते, म्हणून सीटच्या टोकावर बसून पुढे वाकावे. टायरमधली हवा रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवावी. मात्र फार कमी केली तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चेपून फुटते. हेल्मेट, पाणी, पंप, पंक्चरचे सामान आणि एक सोबती हवाच.

पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, तेव्हा सडा टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे शिकण्याचे दिवस.

आणखी एक गोष्ट मला ब्रेकइतकीच महत्त्वाची वाटते. याच सड्यांवर आपल्या पूर्वजांनी चित्रे कोरली आहेत. उक्षी व काशेळी येथील हत्ती, जांभरुण, देवीहसोळ, बारसू यांची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. ती उभी नसून जमिनीवर आडवी आहेत, गवतात लपलेली असतात, आणि पुष्कळ ठिकाणी कुंपण नाही. हजारो वर्षे टिकलेली रेघ खडीवर घासणाऱ्या टायरांनी झिजू शकते. म्हणून मळलेली पायवाट सोडू नये, जमीन ज्याची असेल त्याला विचारून जावे आणि शिल्पाजवळ सायकल हातात धरून चालावे. उतारावर वेळीच थांबता येणे हे कौशल्य. इथे आपण होऊन थांबणे हा संस्कार. सड्यावर फिरणाऱ्याला दोन्ही हवेत.