घरगुती व्यायाम-सायकल : जुळणी व वापर

हल्लीं पुष्कळ घरांत, दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांत किंवा गच्चीच्या दाराशीं, जागच्या जागीं चालणारी एक सायकल उभी असलेली दृष्टीस पडते. कित्येक घरीं तिच्यावर टॉवेल वाळत असतात, ही गोष्ट निराळी. आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांपैकीं अनेकांनीं अशी सायकल विकत घेतल्याचें आमच्या कानीं आलें, व तिच्या जुळणीसंबंधीं एकदोघांनीं आम्हांस प्रश्नही विचारले. आम्ही शाळेंत पदार्थविज्ञान शिकवितों, एवढ्यावरून यंत्रांतलें सर्व कांहीं आम्हांस कळतें असा त्यांचा समज झाला असावा. तो समज कितपत खरा आहे, हें पुढें दिसून येईलच.

ही कल्पना आजकालची नव्हे. १७९६ सालीं लंडन येथें फ्रान्सिस लाउंड्स नामक गृहस्थानें 'जिम्नॅस्टिकॉन' नांवाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत हातांनीं व पायांनीं चाकें फिरवावयाची सोय होती. १९१२ सालीं बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील व्यायामशाळेंत उतारूंसाठीं अशा सायकली होत्या. पुढल्याच वर्षीं, १९१३ सालीं, कोपनहेगनचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनीं विजेच्या चुंबकानें रोधली जाणारी सायकल तयार केली. मनुष्य श्रम करीत असतां त्याच्या श्वासोच्छ्वासांत काय फेरफार होतात हें मोजण्यासाठीं ती होती. याच क्रोग यांस १९२० सालचें शरीरविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. सांगावयाचें तात्पर्य, हें खेळणें नव्हे. आणि त्याची जुळणी खेळण्यासारखी करूं नये.

दोन वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं आमच्या वडिलांस रोज थोडा व्यायाम सांगितला. त्यांचे गुडघे दुखत, आणि आमच्या गल्लींतील रस्ता असा कीं तरुण मनुष्यानेंही खालीं पाहून चालावें. सबब आम्ही सायकल मागविली. ती पेटींतून सुट्या भागांत येते, हें पेटी दारांत आल्यावर आम्हांस समजलें.

पेटी उचलण्यास दोन माणसें लागलीं, आणि दोन माणसें लागतात हें प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें. सांगाड्याचें वजन बहुतेक चाकाच्या बाजूस एकवटलेलें असल्यामुळें पेटी एकाएकीं कलते. सायकल ज्या खोलींत ठेवावयाची तेथेंच ती उघडावी. पुठ्ठा जमिनीवर पसरला म्हणजे फरशी खराब होत नाहीं व हातांतून सुटलेला वायसर पलंगाखालीं जात नाहीं. सर्व भाग माहितीपत्रकांतील यादीशीं ताडून पाहावे, मगच पाना हातीं घ्यावा.

प्रथम सांगाड्यास पुढचा व मागचा असे दोन आडवे पाय बसवितात. वायसर वाकडा असल्यास त्याची गोलाई नळीच्या गोलाईशीं जुळली पाहिजे. सर्व बोल्ट आधीं हातानेंच लावावे, आणि सगळे जागेवर आल्यानंतर पान्यानें आळीपाळीनें आवळावे. एकच बोल्ट आरंभीं पुरता आवळला तर दुसऱ्याचें भोंक समोर येत नाहीं. मग लोक हातोडी शोधूं लागतात. हँडलच्या खांबांतून मीटरची बारीक तार जाते. खांब बसवितांना ती कडेंत चेपली जाऊं देऊं नये. सीटच्या खांबावर एक रेघ कोरलेली असते. सीट कितीही वर घेतली तरी ती रेघ नळीच्या आंत राहिलीच पाहिजे. रेघ बाहेर दिसूं लागली म्हणजे खांबाचा फारच थोडा भाग नळीनें धरलेला आहे असें समजावें.

आतां पेडल. या भागाविषयीं आम्ही अंमळ विस्तारानें लिहिणार आहों, कारण आमची चूक येथेंच झाली.

पेडलच्या खिळीवर आणि क्रँकच्या दांड्यावर 'एल्' व 'आर्' हीं इंग्रजी अक्षरें असतात. हें डावें-उजवें सायकलवर बसलेल्या मनुष्याचें, समोर उभें राहून पाहणाऱ्याचें नव्हे. उजव्या पेडलचे आटे नेहमींच्या स्क्रूप्रमाणें, म्हणजे घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविले असतां आवळणारे असतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घोटाळा होऊं नये म्हणून एक खूण सांगतों. पाना खिळीवर उभा धरून त्याचें वरचें टोंक हँडलच्या बाजूस ढकललें कीं दोन्ही पेडलें आवळतात. मागच्या बाजूस ओढलें कीं सुटतात.

डाव्या बाजूस आटे उलटे कां, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं अवश्य विचारावा. त्याचें उत्तर घरांतील एका बांगडीनें मिळतें. बांगडी एका हातांत घट्ट धरावी, तिच्यांत एक जाड पेन्सिल घालावी आणि ती आंतल्या कडेस दाबून, घसरूं न देतां, कडेकडेनें गडगडत न्यावी. पेन्सिल बांगडींत ज्या दिशेनें पुढें सरकते, त्याच्या उलट दिशेनें ती स्वतःभोंवतीं फिरते. पेडलची खीळ भोंकांत कितीही घट्ट बसविली तरी केसाइतकी मोकळीक राहतेच. आपल्या पायाचा दाब बहुतेक खालींच असतो. परंतु दांडा गोल फिरत असल्यानें दांड्याच्या दृष्टीनें तो दाब भोंकाच्या कडेभोंवतीं उलट दिशेनें फिरत जातो. म्हणून खीळ त्या पेन्सिलीप्रमाणें प्रत्येक फेऱ्यास किंचित् गडगडते. उजव्या अंगास ही गडगड सरळ आट्यांना आवळते, व डाव्या अंगास उलट्या आट्यांना आवळते. डाव्या अंगासही सरळच आटे ठेविले असते तर पेडल चालवितां चालवितां आपोआप सुटत गेलें असतें. ही युक्ति रस्त्यावरच्या साध्या सायकलींतही आहे. आम्ही लहानपणापासून सायकल चालविली, पण ही गोष्ट आमच्या कधीं लक्षांत आली नव्हती.

उजवें पेडल आम्ही दोन मिनिटांत बसविलें. डावें कांहीं केल्या धरीना. आम्ही तें संवयीनें उजवीकडेच फिरवीत होतों, आणि धरीत नाहीं म्हणून अधिकच दाबीत होतों. सुमारें पाव तास असा गेल्यावर सातवींत शिकणाऱ्या आमच्या कन्येनें पत्रक उचललें व म्हणाली, "बाबा, डावं पेडल उलटं फिरवायचं असं इथे लिहिलंय." आम्ही उलटें फिरविलें, परंतु तोंपर्यंतच्या दाबादाबींत भोंकाच्या तोंडचे आटे दुखावले होते. पेडलनें धरलें खरें, पण तिरकें. पेडलचे पहिले चारपांच फेरे नुसत्या बोटांनीं गेले पाहिजेत. न गेले तर तें काढून, आटे पुसून, थोडें ग्रीस लावून पुन्हां सरळ लावलें पाहिजे. हें आम्हांस ठाऊक होतें. पण मुलीपुढें एकदां चुकल्यावर पुन्हां माघार घेणें आम्हांस जड गेलें. आम्ही लांब पाना आणिला व जोर करून पेडल आंत घातलें. खिळीची कड आणि दांडा यांमध्यें नखभर फट राहिली. आमच्या घरांतील मंडळींनीं ती दाखविली, तेव्हां "चालेल" असें आम्ही म्हणालों.

नवव्या दिवशीं सकाळीं वडील सायकल चालवीत असतां डावें पेडल पट्ट्यांत अडकलेल्या पावलासकट निखळलें. ते डाव्या अंगावर पडले आणि त्यांच्या मनगटाचें हाड मोडलें. हात सहा आठवडे प्लास्टरांत होता. जमिनीवरून उठवितांना ते आम्हांस एवढेंच म्हणाले, "अरे, हे सुटलं कसं?" त्या दिवशीं आम्ही उत्तर दिलें नाहीं. प्लास्टर निघाल्यावर सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, पण पुढें बरेच दिवस ते सायकलजवळून जातांना भिंतीच्या कडेनें जात.

दांडा काढून आम्ही बाजारांतील सायकल-दुरुस्तीवाल्यांकडे नेला. त्यांनीं भोंकांत बोट फिरविलें. "सर, आटे सगळे खाल्लेत. पायडल हातानं गेलं नाही तर तिथंच थांबायचं असतं." नवा दांडा त्यांनीं आणवून बसवून दिला. फार खर्च आला नाहीं.

आतां वापराविषयीं. सायकल सपाट जमिनीवर, खालीं जाड चटई घालून ठेवावी, व सभोंवार निदान दोन फूट जागा मोकळी असावी. डगमगत असल्यास आडव्या पायांच्या टोंकांचे गट्टू फिरवून ती स्थिर करावी. सीटची उंची प्रत्येक माणसाची निराळी असते. सीटवर बसून टांच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खालीं असतां पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमींप्रमाणें चवडा पेडलवर ठेविला म्हणजे गुडघ्यांत थोडा बाक, सुमारें २५ ते ३५ अंशांचा, आपोआप येतो. सीट खालीं राहिली तर गुडघ्याच्या वाटीवर नाहक ताण पडतो. फार वर असेल तर कंबर दोन्हीकडे झुलूं लागते. आमच्या घरीं तिघांच्या तीन उंची खांबावर रंगानें दाखविल्या आहेत. उंची बदलल्यावर मूठ आवळली आहे ना, हें सीट हातानें हालवून पाहूनच बसावें.

पायांत बूट असावे. चप्पल घालून किंवा अनवाणी चालवूं नये. ओढणी, साडीचा पदर, पायजम्याची लोंबती नाडी हीं आधीं आवरावीं. हा नियम आमच्या घरांतील मंडळींनीं घातला व तो आम्हां सर्वांस लागू आहे.

प्रथम दिवशीं पांच ते दहा मिनिटें पुरे. मिनिटास साठच्या आसपास फेरे घ्यावे, आणि रोध हलका ठेवावा. चालवितांना शेजारच्या माणसाशीं वाक्यें बोलतां आलीं पाहिजेत. धापेमुळें बोलतां येईना तर वेग कमी करावा. शेवटचीं तीनचार मिनिटें अगदीं हळू चालवून मग उतरावें. छातींत दुखणें, घेरी येणें किंवा विलक्षण दम लागणें यांपैकीं कांहींही झाल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांकडे जावें. हृदयविकार असणाऱ्यांनीं त्यांस विचारल्यावांचून आरंभच करूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें हालचाल सांगितली. मुलांनीं तीं साठ मिनिटें मैदानावर घालवावीं असें आमचें स्पष्ट मत आहे. मीटरवर जो कॅलरींचा आंकडा दिसतो तो बहुतेक घरगुती यंत्रांत अंदाजाचा असतो. त्यावर विसंबून दोन पुरणपोळ्या जास्त खाऊं नयेत.

रोध कसा उत्पन्न होतो, हें थोडक्यांत सांगतों. कांहीं सायकलींत नमद्याची गादी चाकावर घासते; ती झिजते व कालांतरानें बदलावी लागते. कांहींत चाकाजवळ चुंबक सरकतात. फिरत्या धातूंत त्यामुळें वीजप्रवाहांचे भोंवरे उठतात व ते चाकाच्या गतीस विरोध करितात. येथें कांहींच घासत नाहीं. क्रोग यांच्या १९१३ सालच्या यंत्रांतलें तत्त्व हेंच.

एका जातीच्या सायकलीविषयीं मात्र पालकांस इशारा देणें अवश्य आहे. जड लोखंडी चाकाच्या ज्या सायकली व्यायामशाळांत असतात, त्यांपैकीं पुष्कळांत चाक व पेडल एकमेकांस कायमचीं जोडलेलीं असतात. पाय थांबविले तरी चाक वेगांत असतें, व तें पेडलांस आणि पेडलें पायांस ओढीत नेतात. अशा सायकलीवर वेगांत असतांना पाय काढूं नये. रोधाची मूठ खालीं दाबून चाक थांबवावें व मगच उतरावें. वृद्धांसाठीं ही जात आम्ही सुचविणार नाहीं. आणि कोणत्याही जातीची सायकल असो, फिरतें चाक, सांखळी व क्रँक हीं लहान मुलांच्या बोटांस फार घातक आहेत. मोठें मनुष्य चालवीत असतां मूल त्या खोलींत फिरकूं देऊं नये, आणि नंतर रोध पुरता आवळून दार लावून घ्यावें. मुलास धाक घातला आहे म्हणून निर्धास्त राहूं नये. चाक फिरतें आहे असें दिसलें कीं मूल हात घालतेंच.

एकदां नीट जुळविली म्हणून काम संपत नाहीं. नामांकित कारखान्यांच्या मालांतही दोष निघतात. २०२३ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत पेलोटन कंपनीच्या सुमारें २२ लाख सायकलींच्या सीटचे खांब बदलून देण्याचें जाहीर झालें, कारण चालवितांना ते मोडल्याच्या ३५ तक्रारी आल्या होत्या व त्यांत १३ जणांस इजा झाली होती. आमच्या घरीं महिन्याच्या पहिल्या रविवारीं सर्व बोल्ट पान्यानें पाहण्याचा नेम आहे. हें काम आतां कन्या करिते, आणि वडील तिच्याजवळ खुर्चींत बसून एकेक बोल्टाचें नांव घेतात. दोन्ही पेडलांच्या खिळींपासून दांड्यापर्यंत तिनें नखांच्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेविली आहे; खीळ जरा जरी फिरली तरी रेघ मोडलेली दिसावी, ही त्यांतील योजना. वडील पुन्हां सायकलवर बसूं लागल्यास आतां एक वर्ष होऊन गेलें. बसण्यापूर्वीं ते रोज वांकून डाव्या अंगाची रेघ पाहतात.